प्रोग्रामला सोवळं हवं

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला सी भाषेतला जो पहिलावहिला प्रोग्राम शिकवतात, तो साधारण असा असतो: दोन आकडे विचारा, बेरीज करा, उत्तर पडद्यावर छापा. तिन्ही कामं एकाच फंक्शनमध्ये. मुलांना वाटतं, प्रोग्राम म्हणजे असाच असायचा. पुढे आकडे मोठे होतात, पडद्याच्या जागी डेटाबेस येतो. पण माहिती घेणं, हिशेब करणं आणि बाहेर काही घडवणं यांची पहिल्या दिवशी झालेली सरमिसळ चार वर्षांत सुटत नाही. नोकरीतही सुटत नाही. हॅस्केल नावाच्या फंक्शनल भाषेनं ती कशी सोडवायची हे तीस वर्षांपूर्वी दाखवून दिलं. सगळ्यांनी हॅस्केल वापरावी असं मी म्हणणार नाही. तिची शिस्त मात्र प्रत्येक प्रोग्रामरला शिकवावी, आणि सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांनी ती मागावी, एवढं नक्की म्हणेन.

मी सांगलीत राहते आणि साखर कारखान्यांसाठी ऊसबिलांची सॉफ्टवेअरं लिहिते. काही हंगामांपूर्वी एका कारखान्यात पंधरवड्याची बिलं काढताना तिथला जुना प्रोग्राम मध्येच बंद पडला. त्याची रीत अशी होती: एक शेतकरी घ्यायचा, त्याच्या वजनकाट्याच्या पावत्या वाचायच्या, दरानं गुणायचं, सोसायटीची कपात वजा करायची, बँकेला द्यायच्या फाइलीत ओळ लिहायची, खात्यावर ‘बिल काढलं’ अशी खूण करायची, की पुढचा शेतकरी. चालू असताना डिस्क भरली. ऑपरेटिंग सिस्टिमनं तसं सांगितलंही होतं. प्रोग्रामनं ते ऐकून घेतलं नव्हतं. कुणीतरी जागा रिकामी करून तो पुन्हा चालवला. मग काही नावं बँकेच्या फाइलीत दोनदा आली, तर काहींच्या खात्यावर खूण होती आणि फाइलीत ओळच नव्हती.

मला बोलावलं तेव्हा अकाउंट्सचे साहेब म्हणाले, “मॅडम, पैशाचं नंतर बघू. बरोबर बिल किती, तेवढं तरी सांगा.” तेही सांगता येईना. कारण तो प्रोग्राम चालवला की तो कुठेतरी काहीतरी लिहिणारच. काही न बदलता नुसता हिशेब बघण्याची सोयच त्यात नव्हती.

यात ऑपरेटिंग सिस्टिमचा संबंध काय, ते आधी सांगते. प्रोग्राम स्वतःच्या बळावर फक्त आकडेमोड करू शकतो. फाइल उघडणं, पडद्यावर अक्षर उमटवणं, नेटवर्कवरून काही पाठवणं, दुसरा प्रोग्राम सुरू करणं, यातलं काहीही करायचं तर त्याला ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, विनंती करावी लागते. या विनंतीला सिस्टिम कॉल म्हणतात. लिनक्सवर एस-ट्रेस (strace) नावाचं साधन आहे. त्याखाली प्रोग्राम चालवला की त्यानं केलेल्या सगळ्या विनंत्या दिसतात. ‘नमस्कार’ एवढंच छापणारा प्रोग्राम घ्या. बरीच पूर्वतयारी झाल्यावर शेवटाकडे एक विनंती दिसते: हे २२ बाइट बाहेर लिही. न, म, स, हलन्ताची खूण, क, काना आणि र अशी सात चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट, आणि ओळ संपल्याचा एक. कर्नेलला मराठी कळत नाही, बाइट कळतात. आणि ‘लिहिले’ असंच उत्तर येईल याची हमी नसते. परवानगी नसेल, डिस्क भरलेली असेल, निम्मेच बाइट लिहिले गेले असतील. तीच विनंती, पण आज एक उत्तर आणि उद्या दुसरं.

आता याउलट एफआरपीचा, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दराचा, हिशेब बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवले, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. म्हणजे ११.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,८९६ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. हे गणित सांगलीत करा नाहीतर सोलापुरात, हंगामात करा नाहीतर दहा वर्षांनी, उत्तर तेच. अशा फंक्शनला शुद्ध म्हणतात. तेच दिलं की तेच मिळतं, आणि हिशेबाच्या नादात बाहेर कुठे काही बदलत नाही.

मग ज्या भाषेत सगळी फंक्शनं शुद्धच असली पाहिजेत, ती भाषा फाइल कशी लिहिणार? हॅस्केल बनवणाऱ्यांपुढे हाच पेच होता. या भाषेची समिती स्थापन करायचं १९८७ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या परिषदेत ठरलं आणि पहिला अहवाल १९९० मध्ये आला. समितीत एमआयटीतले अरविंद आणि ऋषियूर निखिल हेही होते. त्या पहिल्या आवृत्तीत मुख्य प्रोग्राम म्हणजे एक फंक्शन होतं: सिस्टिमकडून येणाऱ्या उत्तरांची यादी घ्यायची आणि विनंत्यांची यादी द्यायची. विनंती करण्याआधी उत्तरं हातात कशी? हॅस्केल आळशी भाषा आहे, एखादी किंमत खरोखर लागेपर्यंत ती काढतच नाही, म्हणून हे जमायचं. पण एखादं उत्तर वेळेआधी बघायला गेलं की सगळं ठप्प. प्रोग्राम उत्तराची वाट बघतोय आणि सिस्टिम विनंतीची.

सुटका झाली ती गणितातून आलेल्या एका कल्पनेमुळे. युजेनियो मोज्जी यांनी १९८९ मध्ये मोनॅड ही संकल्पना प्रोग्रामचा अर्थ मांडण्यासाठी वापरली. ग्लासगोत फिलिप वॉडलर यांनी ती प्रोग्रामरच्या हातात दिली. १९९३ मध्ये वॉडलर आणि सायमन पेटन जोन्स यांनी शुद्ध भाषेतून इनपुट-आउटपुट करण्यासाठी ती कशी वापरायची हे दाखवलं, आणि १९९६ च्या हॅस्केल १.३ मध्ये ती अधिकृत झाली. मोनॅड या नावाला मुलं घाबरतात, पण इथलं मर्म सोपं आहे. हॅस्केलमधलं फाइल वाचणारं फंक्शन स्वतः फाइल वाचत नाही. ते ‘ही फाइल वाचायची’ एवढं सांगणारी एक कृती परत देतं. अशा प्रत्येक कृतीच्या प्रकारावर आयओ असा शिक्का असतो. कृती एकापुढे एक जोडून मोठी कृती करता येते. संपूर्ण प्रोग्राम ही अशीच एक मोठी कृती असते आणि ती पार पाडण्याचं काम सगळ्यात बाहेर, प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणाऱ्या रनटाइमकडे असतं.

घरात कडक सोवळं पाळणाऱ्या आजीला हा नियम समजावून सांगावा लागला नसता. सोवळ्यातलं ओवळ्याला शिवलं की तेही ओवळं. हॅस्केलमध्येही तसंच: एखाद्या फंक्शनला आयओ कृतीचं उत्तर स्वतः मिळवायचं असलं की त्याच्यावरही आयओचा शिक्का बसतो, त्याला वापरणाऱ्यावरही, आणि ही शिवाशिव कंपायलर, म्हणजे चालण्याआधी कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, डोळ्यांत तेल घालून बघतो. माणसामाणसांतलं सोवळंओवळं गाडूनच टाकायला हवं. प्रोग्राममधलं मात्र पाळण्यासारखं आहे. ऊसबिल काढणाऱ्या फंक्शनवर आयओ नसेल, तर ते कुठली फाइल उघडत नाही, घड्याळ बघत नाही आणि बँकेला काही पाठवत नाही, हे मी त्यातली एकही ओळ न वाचता सांगू शकते. एक चोरवाट आहे, पण तिच्या नावातच ‘अनसेफ’ असं लिहिलेलं आहे. ती शोधायला एक सर्च पुरतो.

त्या कारखान्याचा प्रोग्राम नव्यानं लिहिला तो असा: आधी पावत्या, दर आणि कपाती वाचून घ्यायच्या. मग शुद्ध फंक्शनं सगळ्या शेतकऱ्यांच्या देय रकमांची यादी बनवतात. यादी तयार झाली तरी जगात अजून काही घडलेलं नसतं. ती अकाउंट्सला दाखवता येते, मागच्या पंधरवड्याशी ताडून बघता येते, हवी तितक्या वेळा पुन्हा काढता येते. ती मान्य झाली की शेवटचा छोटा भाग बँकेची फाइल लिहितो आणि प्रत्येक ओळीची नोंद ठेवतो. डिस्क आजही भरू शकते. पण हॅस्केलमध्ये, मुद्दाम तसं लिहिल्याशिवाय, सिस्टिमचा नकार न ऐकता पुढे जाता येत नाही. तो अपवाद म्हणून उभा राहतो आणि कृती तिथंच थांबते. थांबली तर काय व्हायला हवं होतं याची यादी हातात असते आणि काय झालं याची नोंदही. दोन्ही ताडून उरलेलं पुरं करायचं.

या भाषेची भक्ती मी करत नाही. आयओ हा शिक्का फार ढोबळ आहे. घड्याळ बघणाऱ्या कृतीवर जो शिक्का, तोच कोट्यवधी रुपये पाठवणाऱ्या कृतीवर. शिवाय आळस फाइलींच्या बाबतीत अंगाशी येतो. हॅस्केलचं जुनं रीडफाइल फंक्शन फाइल उघडून ठेवतं आणि मजकूर लागेल तसा वाचतं. काट्यावरच्या पावत्यांच्या हजारो फाइली त्यातून वाचायला गेलात, तर उघड्या फाइली साठत जातात. लिनक्सवर एका प्रोग्रामला साधारणपणे १,०२४ ची मर्यादा असते, तिथं तो कोसळतो. वाचलेल्याच फाइलीत परत लिहायला गेलात तर ‘फाइल कुलूपबंद आहे’ असं उत्तर मिळतं. उपाय आहेत, पण ते माहीत असावे लागतात.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी दोन खड्डे लागतात. दिवसा ठणठणीत चालणारा प्रोग्राम रात्री क्रॉनमधून, म्हणजे लिनक्सच्या वेळापत्रकातून, आपोआप सुरू झाला की पहिल्याच नावावर मरतो, आणि चूक सांगतो ती ‘२३५० क्रमांकाचं अक्षर लिहिता येत नाही’ अशी. २३५० म्हणजे आपला ‘म’. क्रॉनमध्ये भाषेची सेटिंग बहुधा नसते, मग हॅस्केल फक्त इंग्रजी अक्षरंच चालतील असं धरून चालते. बाहेर यूटीएफ-८ मध्येच लिहायचं, असं प्रोग्रामला स्पष्ट सांगावं लागतं. दुसरा खड्डा ‘ऱ’ चा. हे अक्षर एकसंधही साठवता येतं आणि र अधिक नुक्ता असंही. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, पण लिनक्सला फाइलींची नावं म्हणजे निव्वळ बाइट. त्यामुळे ‘शेतकऱ्यांची यादी’ याच नावाच्या दोन फाइली एका फोल्डरमध्ये शेजारी शेजारी सुखानं नांदू शकतात. प्रकारांची कितीही कडक शिस्त हे पकडत नाही.

यावर काही जण म्हणतात, व्यवहारात हे सगळं नको, फंक्शनल भाषेतही सैल वाट असू दे. तशा भाषा आहेत आणि चांगल्या चालतात. एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्मलेल्या एर्लांगमध्ये कुठूनही फाइल लिहिता येते. व्हॉट्सअ‍ॅप तिच्यावर उभं राहिलं. ओकॅमलमध्येही शिक्का नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ओकॅमल ५ मध्ये बाह्य परिणाम हाताळायची नवी सोय आली, आणि त्या कामात आयआयटी मद्रासचे के. सी. शिवरामकृष्णन यांचा मोठा वाटा आहे. पण या भाषांतली जाणती माणसंही हिशेब मध्यभागी आणि व्यवहार कडेला ठेवतात. फरक एवढाच की तिथं शिस्त माणसाच्या भरवशावर असते, हॅस्केलमध्ये ती कंपायलर पाळायला लावतो. घाईत, हंगामाच्या ऐन मध्यात, रात्री साडेबाराला लिहिलेल्या कोडच्या बाबतीत माझा विश्वास कंपायलरवर जास्त आहे.

‘हे विद्यापीठातले खेळ आहेत’ या आक्षेपात आता दम उरलेला नाही. बंगळुरूत रिक्षा बोलावण्यासाठी लोक जे नम्मा यात्री अ‍ॅप वापरतात, त्याचा सर्व्हरवरचा भाग हॅस्केलमध्ये आहे आणि कोड कुणालाही वाचायला खुला आहे. रिक्षाचं भाडं जिथं या भाषेत हिशेबात येतं, तिथं उसाचं बिल का येऊ नये?

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की एक तरी शुद्ध फंक्शनल भाषा सक्तीची करा, आणि ती शेवटच्या वर्षाच्या ऐच्छिक विषयात ढकलू नका. पहिल्या वर्षीच्या प्रात्यक्षिकात बेरीज करणारं फंक्शन आणि बेरीज छापणारं फंक्शन वेगळं लिहिलं नाही तर गुण कापा. त्याला पैसा लागत नाही. कारखाने, पतसंस्था, दूध संघ आणि सरकारी खाती सॉफ्टवेअरच्या निविदा काढतात, त्यांनी त्यात एक अट घालावी: कुठलीही नोंद न बदलता सगळा हिशेब पुन्हा काढून दाखवता आला पाहिजे, आणि त्याच माहितीवर तेच उत्तर आलं पाहिजे. भाषा कुठलीही वापरा.

आणि तुम्ही एखाद्या कारखान्याचे किंवा पतसंस्थेचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सभेत हे विचारा: “माझं मागच्या वर्षीचं बिल, काही न बदलता, आत्ता पुन्हा काढून दाखवाल का?” उत्तर ‘नाही’ आलं, तर ते सॉफ्टवेअर बदलायचा ठराव तिथंच मांडा.