अर्धांगवायू फक्त अंगाला होत नाही

"काय मग, बाबा आता चालतात का?" हा प्रश्न मला आतापर्यंत किती जणांनी विचारला असेल, मोजदाद नाही. लग्नात, बारशाला, मंडईत. मी म्हणतो, "हो, चालतात की! काठीसुद्धा सुटली." समोरच्याचा चेहरा खुलतो. "चला, सुटलात बुवा एकदाचे!" आणि विषय संपतो.

विचारणाऱ्यांचा दोष नाही. आपल्याकडे या आजाराची नावंच बघा ना. अर्धांगवायू, पक्षाघात, लकवा. आजी म्हणायची 'अंगावरून वारं गेलं'. शिकलेली मंडळी 'पॅरॅलिसिसचा अटॅक' म्हणतात. सगळी नावं हातापायांवरून! घटना घडते मात्र मेंदूत. एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती फुटते, आणि त्या वाहिनीवर जगणारा मेंदूचा भाग मरतो. तो भाग हात हलवणारा असेल तर हात जातो. तो राग आवरणारा, कामाला उठवणारा, समोरच्याचा चेहरा वाचणारा असेल तर ते जातं. इतकं हे सरळ आहे. पण हात गेला की आपण त्याला आजार म्हणतो, आणि राग आवरेनासा झाला की स्वभाव म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बदललेला स्वभाव हाही त्या आजाराचाच भाग आहे, आणि घरच्यांनी, नातेवाईकांनी, डॉक्टरांनीही त्याच्याकडे तसंच बघायला हवं.

बाबांना हा झटका २०२१ मध्ये आला. साडेचार तासांच्या आत पोचलो म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं. वाचा शाबूत राहिली, डावा हात बराचसा परत आला. घरी सोडताना मिळालेल्या कागदांत बीपी होतं, शुगर होती, रक्त पातळ ठेवायची गोळी होती, डाव्या हाताने दाबायचा रबरी चेंडू होता. मेंदूच्या पुढच्या भागाला उजवीकडे इजा झालीय हेही लिहिलं होतं. पण त्या इजेमुळे घरात काय काय होऊ शकतं, याबद्दल एक ओळ नव्हती.

आमचे बाबा बँकेत कॅशियर होते. चौतीस वर्षं. पेन्शनच्या दिवशी खिडकीवर भांडणारी माणसं त्यांनी शांतपणे हाताळली. घरीही आवाज चढलेला आठवत नाही. हेच बाबा आता भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिरकावतात. आईने पैसे चोरले म्हणतात. कधी तासन् तास खुर्चीत बसून राहतात, 'अंघोळीला उठा' म्हटल्याशिवाय उठत नाहीत. कधी साबणाची जाहिरात बघून हुंदके देतात आणि दोन मिनिटांत काही झालंच नाही असे बसतात.

यावर येणाऱ्या माणसांकडून तीन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. त्या तिन्ही वाक्यांशी माझं भांडण आहे.

पहिलं : "मूळ स्वभाव बाहेर आला." म्हणजे चौतीस वर्षांचा शांतपणा हा मुखवटा, आणि खरे बाबा हे! मंडळी, उतारावर स्कूटरचा ब्रेक फेल झाला आणि ती भिंतीवर जाऊन आदळली, तर 'स्कूटरच्या मनात पहिल्यापासून भिंतच होती' असं आपण म्हणतो का? वाकडं तुमच्याही मनात येतं, माझ्याही येतं. त्यातलं काय बोलायचं आणि काय गिळायचं हे ठरवणं, यालाच तर आपण स्वभाव म्हणतो. बाबांचा आवरणं हाच स्वभाव होता. तो सांभाळणाऱ्या भागालाच इजा झालीय. मग जे हरवलं तेच खरं होतं, असं मी म्हणेन.

दुसरं : "मुद्दाम करतात. आमच्यासमोर तर किती छान बोलले!" बोलतात ना, अर्धा तास छान बोलतात. ताठ बसतात, चहा घ्या म्हणतात. पण जे पूर्वी आपोआप व्हायचं ते आता जोर लावून करावं लागतं, आणि तो जोर लवकर संपतो. पाहुणे जिना उतरले की त्याची वसुली आईकडून होते. खुर्चीत बसून राहणंही आळस नव्हे. कामाला सुरुवात करून देणारी किल्लीच मेंदूत बिघडते. शिवाय झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. त्यावर औषध आहे. त्या विनाकारण हुंदक्यांवरही आहे. पण ते मिळण्यासाठी कुणीतरी डॉक्टरांपुढे 'हे असं वागतात' असं मोकळेपणी सांगावं लागतं. आपण घरातली धुणी म्हणून झाकून ठेवतो. पुढच्या तपासणीला आम्ही महिन्याभराच्या नोंदी वहीत लिहून नेल्या, तेव्हा कुठे मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मिळाली. रडणं बरंच कमी झालंय, राग थोडा.

तिसरं वाक्य सगळ्यात अवघड, कारण ते प्रेमाने म्हटलं जातं. आणि फक्त आईला म्हटलं जातं : "आजारी माणूस आहे, तूच सांभाळून घे." अहो, ती घेतेच आहे! पण तिचं काय गेलंय याचा कुणी विचार केलाय? ज्या माणसाबरोबर तिने बेचाळीस वर्षं संसार केला, तो समोरच्या खुर्चीत बसलाय आणि तरी तो नाही. माणूस गेला की लोक दहा दिवस येऊन बसतात, रडू देतात. इथे कोण येणार? पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात अशा दुःखाला 'अँबिग्युअस लॉस' असं नाव दिलं. धड गेलेला नाही आणि धड असलेलाही नाही, अशा माणसाचं दुःख. अर्धांगवायू बाबांना झाला, पण अर्धांगीचंही निम्मं आयुष्य गेलं, हे कुठल्याच कागदावर येत नाही.

म्हणून आमच्या घरी ठरलंय. आई दर तीन महिन्यांनी आठ दिवस कोल्हापूरला मावशीकडे जाते. तेव्हा मी रजा घेतो, पुण्याहून धाकटा येतो, दिवसभर एक मदतनीस असतात. पहिल्यांदा ती गेली तेव्हा आत्याचा फोन आला. "दादाला असं टाकून वहिनी गेलीच कशी?" आत्या, तू हे वाचणार आहेस म्हणून इथेच लिहितो. कुणीही टाकून गेलेलं नाही. आठ दिवस कोल्हापुरात झोपून, अंबाबाईचं दर्शन घेऊन आई परत येते, तेव्हा पुढचे तीन महिने बाबांशी प्रेमाने बोलू शकते. सांभाळणारं माणूस मोडलं तर आजारी माणसाचं काय होणार? आणि आपलं माणूस अंगावर ओरडतं तेव्हा 'ते मेंदूमुळे' हे कळलं, तरी लागायचं ते लागतंच. कारण कळलं म्हणून सगळं सोसायची सक्ती होत नाही.

'पूर्वीसारखे कधी होतील?' हे आम्ही आता विचारत नाही. निराशा म्हणून नव्हे. फिनिअस गेज नावाच्या माणसाची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. १८४८ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटी पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली. झटका नव्हे, जखम; पण इजा मेंदूच्या पुढच्याच भागाला. तो वाचला, पण भरवशाचा मुकादम शिवराळ आणि लहरी झाला. गोष्ट बहुधा इथेच संपवतात. पण तोच गेज पुढे चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकत होता! रोजचं ठरलेलं काम, ठरलेली वेळ, यामुळे तो सावरला असावा असा काही अभ्यासकांचा तर्क आहे.

आमच्याकडेही तेच उपयोगी पडलं. उठणं, नाश्ता, फिरणं सगळं घड्याळावर. एका वेळी एकानेच बोलायचं, टीव्ही बंद. आवाज चढला की वाद न घालता खोलीबाहेर पडायचं. आणि दूध, पेपर, भाजीचा हिशेब बाबांकडे. दहाच्या नोटांचं बंडल रोज मोजतात, वहीत टिपतात. चोरीचा आरोप त्यानंतर निम्म्याने कमी झाला, कारण गल्ला त्यांच्याच ताब्यात! मोजायला लागले की अजूनही बोटं कॅशियरचीच असतात.

आई परवा म्हणाली, "हे गृहस्थ वेगळेच आहेत रे. पण आमच्या ह्यांना नातवाशी पत्त्यात लबाडी करणं कधी जमलं नसतं." चिरंजीव सात वर्षांचे. त्यांना आजोबा असेच माहीत आहेत, आणि त्यांची काही तक्रार नाही.

असो. तुमच्या घरी असं कुणी असेल तर स्वभावातले बदल लिहून ठेवा आणि डॉक्टरांना वाचून दाखवा. सांभाळणाऱ्याला बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं.

आणि आमच्या सांगलीकर, मिरजकर नातेवाईकांना विनंती. या, जरूर या. सकाळी दहा ते बारा बरं पडतं, संध्याकाळी बाबा थकलेले असतात. एकाने त्यांच्याजवळ बसा. ते काही बोलले तर मनावर घेऊ नका. दुसऱ्याने आईला जरा बाहेर घेऊन जा. कृष्णेच्या घाटावर, नाहीतर कुठेही.