आधी ऐकून तर घ्या!

परवा शेजारच्या वहिनी तणतणतच घरी आल्या. लेकाचा ताप चार दिवस उतरेना आणि डॉक्टरांनी मान वर न करताच ‘व्हायरल आहे’ म्हणून गोळ्या लिहून दिल्या. ‘‘अहो, रोज मी बघतेय त्याला. हे नेहमीचं नाही. पण ऐकतंय कोण?’’

मला एकदम मलेशियातली डुकरं आठवली. हसू नका, सांगते.

1998 च्या सप्टेंबरात इपोह शहराजवळच्या वराहपालन केंद्रांवरची माणसं मेंदूज्वरानं आजारी पडू लागली. निदान झालं, जपानी मेंदूज्वर. तो डासांमुळे होतो, डुकरांशी त्याचा संबंधही असतो. म्हणजे तर्क अगदीच चुकीचा नव्हता. धूरफवारणी झाली, लशी टोचल्या. तरी माणसं दगावतच राहिली.

खुणा तर समोरच होत्या. जपानी मेंदूज्वर जास्त करून मुलांना होतो, इथे डुकरांमध्ये राबणारी मोठी माणसं आजारी होती. लस घेतलेलेही सुटत नव्हते. आणि डुकरंच आजारी होती, मोठमोठ्यानं खोकत होती. त्यांना रोज खाऊ घालणाऱ्यांना हे दिसत होतं. पण एकदा निदानाचा शिक्का बसला की बसला!

तोवर डुकरांच्या खरेदी-विक्रीतून रोग दक्षिणेकडे पोचला. मार्च 1999 मध्ये मलाया विद्यापीठातल्या डॉ. चुआ काव बिंग यांना सुंगाई निपाह गावच्या रुग्णाच्या नमुन्यात वेगळाच विषाणू सापडला. तोच हा ‘निपाह’. फळं खाणाऱ्या वटवाघळांकडून डुकरांत आणि डुकरांकडून माणसांत आलेला. या साथीत शंभरावर माणसं गेली. साथ थांबवायला दहा लाखांहून जास्त डुकरं मारावी लागली.

विषाणू प्रयोगशाळेतच सापडतो, कबूल. पण शोधायचं कुठे, हे जवळ राहणाराच सांगू शकतो ना? आपल्याकडे शेळ्या-कोंबड्यांचं सगळं बाईच करते. कुठली शेळी कालपासून चरत नाही, हे तिला न सांगता कळतं. पण तपासणीला माणूस आला की पहिला प्रश्न, ‘‘मालक कुठायत?’’ ती बिचारी पदर सावरत आत जाते आणि अर्धी माहितीही तिच्याबरोबर आतच जाते.

साथीचा तपास करणाऱ्यांनी आधी तिला विचारावं. आणि आपणही गप्प बसू नये. वहिनींना मी वही दिली. ताप किती, कधी चढतो, काय खाल्लं, सगळं लिहा आणि उद्या पुन्हा जा. ऐकून घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू मात्र नका!