कचऱ्याचे टेंडर

कचऱ्याच्या बाबतीत विद्वानांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, 'टेंडर काढा.' दुसरा म्हणतो, 'बाजारावर सोडा.' बादलीला हात मात्र दोघेही लावत नाहीत. ते खाते घरोघरच्या नवऱ्यांकडे असते.

आधी बाजारवाल्यांना विचारतो. रद्दीवाला बिनबोलावता येतो, तराजू लावतो, वर पैसे देतो. मग भाजीच्या देठांसाठी आणि आंबलेल्या आमटीसाठी कुणी तराजू घेऊन का येत नाही हो? कारण तिथे मिळण्यासारखे काही नाही, उलट द्यावेच लागते. आणि द्यायची वेळ आली की सज्जन गृहस्थ अंधारात पिशवी कोपऱ्यावर ठेवून येतो. बचत त्याची, डास साऱ्या गल्लीचे!

म्हणून टेंडर? उभी नोकरी आम्ही कोटेशने फायलीला लावण्यात घालवली. सर्वांत कमी दर म्हणजे बहुधा सर्वांत कमी काम. त्यातून टनावर पैसे मोजले, तर कंत्राटदार कचरा कमी कशाला होऊ देईल? खरकट्याच्या जोडीला दगडमातीही गाडीत चढेल. वजनकाट्याला नाक नसते.

शिवाय रोज कचरा वेचणाऱ्या बाईंनी टेंडर भरायचे कसे? अनामत रक्कम आणि ताळेबंद काय उकिरड्यात सापडतात?

पुण्याने मधली वाट काढली. १९९३ साली कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' झाली. २००८ साली त्यांच्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. हिशेब सोपा. घराने दरमहा ठरलेले शुल्क थेट बाईंच्या हातात द्यायचे. सुका माल विकून येईल ते बाईंचे. उरलेला कचरा त्यांनी पालिकेच्या गाडीपर्यंत पोचवायचा. बाई आल्या नाहीत, तर त्यांना दारातच जाब विचारता येतो. कंत्राटदाराला गाठायला नगरसेवक लागतो!

'पण झोपडीतल्यांना शुल्क परवडेल का?' प्रश्न रास्त आहे. तिथला वाटा पालिकेने उचलावा, त्यासाठीच तर कर भरतो. पण त्या सबबीवर सगळेच कंत्राटदाराला दिले, की सुक्या मालाचे पैसे बाईंच्या चुलीवरून उठून त्याच्या नफ्यात बसतात. याला सभेत 'बचत' म्हणतात. आमच्या बँकेत याला 'रक्कम दुसऱ्या खात्यावर वळती केली' म्हणतात.

तेव्हा दोन्ही पंथांनी वाद जरूर चालू ठेवावा. फक्त गेल्या महिन्याचे बाईंचे पैसे आधी द्यावेत.