डावात बरोबरीने, अदलाबदलीत जपून

पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ जपानमध्ये १९९६ साली आला. तेव्हाची शाळकरी मुले आज तिशी-चाळिशीत आहेत आणि त्यांतल्या अनेकांनी हा खेळ सोडलेला नाही. त्यामुळे आठ वर्षांची मुलगी आणि पस्तिशीचा नोकरदार एकाच टेबलावर समोरासमोर बसलेले दिसतात. मोठ्या अधिकृत स्पर्धांत जन्मवर्षानुसार ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स असे गट असतात. पण छोट्या दुकानातल्या स्पर्धेला मोजकेच खेळाडू येतात, तेव्हा सगळ्यांना एकत्रच खेळवावे लागते.

आपल्याकडे लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेतात. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. अंगणात हे ठीक आहे. साठ पत्त्यांचा डेक स्वतः जुळवून आलेल्या मुलीला मात्र लिंबूटिंबू व्हायचे नसते. समोरचा मुद्दाम हरतो आहे हे तिला चटकन कळते, आणि मग जिंकण्यातला आनंदच निघून जातो. तिच्याशी मन लावून खेळावे. फक्त आपली प्रत्येक चाल मोठ्याने सांगावी, आपला पत्ता तिला नीट दिसेल असा ठेवावा, त्यावरचा मजकूर तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावा, आणि ती विचार करत असताना बोटांनी टेबल वाजवू नये. तिच्या हातून नियमाबाहेरची चाल झाली आणि त्यात आपला फायदा असला, तरी गप्प बसणे ही फसवणूकच आहे. डाव संपल्यावर एखादी चुकलेली खेळी दाखवावी. पाच दाखवल्या तर ती शिकवणी होते.

खरी काळजी आहे ती अदलाबदलीची. डावाला नियम असतात, पंच असतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत पत्ते ठेवायच्या वह्या उघडून पत्ते बदलले जातात, तिथे बहुतेकदा कोणीच नसते. मूल पत्त्याची किंमत चमकीवरून आणि आपल्या लाडक्या पोकेमॉनवरून ठरवते. मोठ्याच्या हातात मोबाइल असतो आणि त्यावर बाजारभाव. ‘तो खुशीने तयार झाला’ हे समर्थन नेहमी ऐकू येते. आम्हाला ते मान्य नाही. आपला १८७२चा करार कायदासुद्धा अल्पवयीनाला करार करण्यास पात्र मानत नाही, आणि त्यामागचे कारण इथेही तंतोतंत लागू पडते: जे देतो आहोत त्याचे मोल मुलाला ठाऊक नसते. अर्थात, महागडा चारिझार्ड देऊन साधा पिकाचू घेण्याचा हक्क मुलाला आहेच. आवड भावावर चालत नाही. पण आधी भाव त्याला दाखवलेला असावा आणि त्याच्या आईवडिलांनाही माहीत असावा.

पैशाची ओढ कुठवर जाते हे जपानने अलीकडेच पाहिले. ऑगस्ट २०२५मध्ये मॅकडोनाल्ड्सने लहान मुलांच्या जेवणासोबत पोकेमॉनचे पत्ते दिले, तेव्हा पुनर्विक्रीसाठी मोठ्यांनीच ढिगाने जेवणे विकत घेतली आणि पत्ते काढून अन्न टाकून दिले. कंपनीला माफी मागावी लागली. ज्यांच्यासाठी योजना होती, त्यांतली अनेक मुले रिकाम्या हातांनी परतली.

पालकांचीही यात बाजू आहे. मुलाला दुकानात सोडून खरेदीला निघून जाणे म्हणजे अनोळखी खेळाडूंवर राखणदारी लादणे. मोठ्या खेळाडूनेही मुलाशी जे बोलायचे ते सर्वांसमोर बोलावे. पत्त्यांच्या निमित्ताने त्याला स्वतंत्र संदेश पाठवू नयेत.

दुकानदारांना आणि आयोजकांना फार काही करायचे नाही. अल्पवयीन मुलाची अदलाबदल पालकासमोर किंवा गल्ल्याजवळच होईल, आणि पालकाला ती पटली नाही तर त्याच दिवशी मागे घेता येईल, एवढी पाटी दारावर लावावी. आणि कोणी हा नियम मोडला, तर तो कितीही जुना गिऱ्हाईक असो, त्याची वही बंद करायला लावावी.