मैफलींचा हिशेब

अमुक बुवांच्या आपण किती मैफली ऐकल्या, हे आपल्याकडील जुने रसिक मोठ्या अभिमानाने सांगतात. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाच्या चाहत्यांनी या मोजदादीचे जणू शास्त्रच केले.

१९६५ साली कॅलिफोर्नियात हा वृंद निघाला. तीस वर्षांत त्याचे सुमारे २,३०० जलसे झाले. वारकऱ्यांच्या निष्ठेने चाहते त्याच्यामागे गावोगाव हिंडत. शंभरांहून अधिक जलसे ऐकलेले कित्येक जण त्यांत होते. कोणत्या रात्री कोणती गाणी कोणत्या क्रमाने झाली, याची ते टिपणे ठेवीत. १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी वृंदाने वेगळी जागाच राखून ठेविली. १९८७ साली या साऱ्या नोंदींचा ‘डेडबेस’ नावाचा ग्रंथही निघाला.

हे निव्वळ वेड नव्हे. गाण्यांचा क्रम दर रात्री बदले आणि तेच गीत नव्या अंगाने फुले. एकाच गवयाचा यमन दोन मैफलींत सारखा नसतो, तसेच हे. या वृंदाचे तालवादक मिकी हार्ट यांनी उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे तालाचे धडे घेतले होते, हेही येथे आठवते.

९ जुलै १९९५ रोजी शिकागो येथे शेवटचा जलसा झाला. बरोबर एका महिन्याने प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया निवर्तले, वृंद विसर्जित झाला आणि प्रत्येक चाहत्याचा आकडा होता तेथेच थांबला.

म्हणून वाचकहो, आपल्या गावी एखादा गुणी कलावंत येणार असेल, तर ‘पुढल्या खेपेस पाहू’ असे म्हणू नये.