जाहिरातींना लगाम कोणाचा?

फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोणीतरी कुठेतरी मोजत असतोच, हा बाजाराचा जुना नियम आहे. वाचकाच्या हाती वृत्तपत्र पडते, तेव्हा त्याच्या कागदाचा आणि छपाईचा मोठा भार जाहिरातदाराने उचललेला असतो. खासगी दूरचित्रवाहिन्याही याच हिशेबावर उभ्या राहिल्या. इंटरनेटवरील चित्रफितींचे जग त्याला अपवाद नाही. फरक एवढाच, की वृत्तपत्राच्या वाचकाकडे कधीच नव्हते असे एक हत्यार येथे प्रेक्षकाच्या हाती आले. जाहिरात पडद्यावर उमटण्यापूर्वीच तिला दारात अडवणारे ‘ॲड ब्लॉकर’ हे ते हत्यार. २०२३ पासून यूट्यूबने ते मोडून काढण्याचा चंग बांधला असून, ‘जाहिराती पाहा, नाहीतर वर्गणी भरा’ असे दोनच पर्याय प्रेक्षकांपुढे ठेवले आहेत. वरवर पाहता हा फुकटे प्रेक्षक आणि हक्काचे पैसे मागणारी कंपनी यांच्यातील वाद वाटतो. मात्र त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न वेगळा आहे. प्रेक्षकाच्या हातचे हे हत्यार गेल्यावर जाहिरातींच्या प्रमाणावर कोणाचा अंकुश राहणार, हा तो प्रश्न होय.

तडजोडीकडून सक्तीकडे

जाहिराती अडवण्याची कल्पना यूट्यूबपेक्षाही जुनी आहे. हेन्रिक आस्टेड सोरेन्सन या डॅनिश विद्यार्थ्याने ‘ॲडब्लॉक’ची पहिली आवृत्ती २००२ मध्ये तयार केली. यूट्यूबचा जन्म त्यानंतरचा, २००५ मधला. पुढच्याच वर्षी गूगलने १६५ कोटी डॉलर मोजून ही कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले आणि २००७ पासून चित्रफितींवर जाहिराती झळकू लागल्या. २०१० च्या अखेरीस पाच सेकंदांनंतर वगळता येणारी जाहिरात आली. प्रेक्षकाला कंटाळा येऊ नये आणि जाहिरातदारालाही खरोखर रस असलेलाच ग्राहक मिळावा, अशी ती तडजोड होती आणि ती बरीच वर्षे टिकली.

दरम्यान, वर्गणीचा मार्गही खुला झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेत ‘यूट्यूब रेड’ सुरू झाले. २०१८ मध्ये त्याचे ‘प्रीमियम’ असे नामकरण झाले आणि मार्च २०१९ मध्ये ते दरमहा १२९ रुपये दराने भारतात आले. त्याच काळात विनामूल्य प्रेक्षकांवरील जाहिरातींचा मारा मात्र वाढत गेला. चित्रफितीच्या मध्येच जाहिरात घालण्यासाठी पूर्वी ती किमान दहा मिनिटांची असावी लागे. जुलै २०२० मध्ये ही अट आठ मिनिटांवर आणण्यात आली. वगळता न येणाऱ्या जाहिराती, लागोपाठच्या दोन जाहिराती हे प्रकारही अंगवळणी पडले.

त्यानंतर २०२३ च्या मध्यास कंपनीने ॲड ब्लॉकर वापरणाऱ्यांना इशारे देण्याचा प्रयोग सुरू केला. तीन चित्रफितींनंतर प्रक्षेपण बंद होईल, असे त्यांना बजावण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस ही मोहीम जगभर राबवण्यात आली.

तंत्रज्ञानाची कुरघोडी

ॲड ब्लॉकरचे काम तत्त्वतः सोपे आहे. ब्राउझर एखादे पान उघडतो, तेव्हा त्यातील मजकूर, चित्रे आणि जाहिराती वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवतो. जाहिराती कोणत्या पत्त्यांवरून येतात याच्या याद्या स्वयंसेवक तयार करतात. या यादीतील पत्त्याकडे जाणारी मागणी ब्लॉकर रोखतो आणि जाहिरात पडद्यापर्यंत पोहोचतच नाही. यावर उतारा म्हणून जाहिरात मूळ चित्रफितीच्या प्रवाहातच शिवून पाठवण्याची चाचणी यूट्यूब घेत असल्याचे जून २०२४ मध्ये समोर आले. जाहिरात आणि चित्रफीत एकाच दारातून आत येऊ लागली, तर पत्त्यावरून निवड करणारा पहारेकरी निरुपयोगी ठरतो.

दुसरा घाव ब्राउझरवर बसला. गूगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये जोड-प्रोग्राम कसे चालावेत याची नियमावली बदलण्यात आली. पूर्वी ब्लॉकरला प्रत्येक मागणी तपासून तिथल्या तिथे निर्णय घेता येत असे. नव्या रचनेत त्याने आपले नियम आगाऊ ब्राउझरच्या स्वाधीन करायचे आणि अंमलबजावणी ब्राउझरने करायची. हा बदल सुरक्षितता आणि खासगीपणासाठी असल्याचे गूगलचे म्हणणे आहे. या बदलामुळे ‘यूब्लॉक ओरिजिन’ हा लोकप्रिय ब्लॉकर क्रोमवर चालेनासा झाला आणि त्याच्या वापरकर्त्यांना मर्यादित क्षमतेच्या ‘लाइट’ आवृत्तीवर समाधान मानावे लागले. फायरफॉक्सने जुनी पद्धतही चालू ठेवली आहे.

येथेच या वादातील कळीचा मुद्दा दिसतो. चित्रफिती दाखवणारे व्यासपीठ, त्या पाहण्यासाठी वापरला जाणारा ब्राउझर आणि जाहिरातींची बाजारपेठ या तिन्हींची मालकी एकाच उद्योगसमूहाकडे आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या संघीय न्यायालयाने ऑनलाइन जाहिरात तंत्रज्ञानाच्या दोन बाजारपेठांत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. तो खटला यूट्यूबच्या ॲड ब्लॉकरविरोधी मोहिमेबद्दल नव्हता. तरीही मैदान, चेंडू आणि पंच एकाच्याच ताब्यात असल्यास खेळ कसा रंगतो, याची कल्पना त्यावरून येते.

निर्मात्याच्या नावाने

कंपनीची बाजू पोकळ नाही. जाहिरातींच्या उत्पन्नातील ५५ टक्के वाटा नेहमीच्या चित्रफितींच्या निर्मात्यांना मिळतो, तर ‘शॉर्ट्स’साठी हे प्रमाण ४५ टक्के आहे. वर्गणीच्या पैशातूनही निर्मात्यांना प्रेक्षकांनी पाहिलेल्या वेळेनुसार वाटा दिला जातो. मे २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या ‘वेव्हज’ परिषदेत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी, आधीच्या तीन वर्षांत भारतातील निर्माते, कलावंत आणि माध्यम कंपन्यांना २१ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम दिल्याचे सांगितले होते. पाककृती, कीर्तने, स्पर्धा परीक्षांची शिकवणी किंवा विनोदी मालिका मराठीतून सादर करणाऱ्या अनेकांना या वाट्याचा आधार आहे. जाहिरात अडवली गेली की त्यांच्याही ताटातला घास कमी होतो, हे नाकारता येणार नाही.

मात्र ही अर्धी बाजू झाली. उत्पन्नातील वाटा मिळण्यासाठी एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास पाहणी किंवा ‘शॉर्ट्स’च्या बाबतीत ९० दिवसांत एक कोटी दर्शने, अशी अट आहे. ती पूर्ण न करणाऱ्या छोट्या वाहिन्यांवर पूर्वी सहसा जाहिराती नसत. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने अटी बदलल्या आणि अशा वाहिन्यांवरही जाहिराती दाखवण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. हा बदल आधी अमेरिकेत आणि २०२१ मध्ये इतर देशांत लागू झाला. त्या जाहिरातींतून निर्मात्याला एक पैसाही मिळत नाही. निर्मात्याच्या पोटाचा दाखला देणाऱ्या युक्तिवादाला येथे तडा जातो.

जाहिराती अडवण्यामागे केवळ चिकटपणा असतो, असेही नाही. शोधनिकालांतील फसव्या जाहिरातींपासून बचाव करण्यासाठी ॲड ब्लॉकर वापरावा, असा सल्ला खुद्द अमेरिकेच्या ‘एफबीआय’ने डिसेंबर २०२२ मध्ये दिला होता. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा चेहरा आणि आवाज कृत्रिमरीत्या वापरून केलेली एका गेमिंग ॲपची जाहिरात समाजमाध्यमांवर फिरली आणि ती बनावट असल्याचा खुलासा स्वतः तेंडुलकर यांना करावा लागला. इंटरनेटवर जाहिरात म्हणून समोर येणाऱ्या मजकुराची चाळणी किती सैल आहे, हे त्यातून दिसले.

वर्गणीचे आश्वासन किती पक्के?

मग सरळ वर्गणी भरावी, हा मार्ग उरतो. अनेकांच्या दृष्टीने तो सोयीचाही आहे. अडचण ही, की या सौद्याच्या अटी एकच पक्ष ठरवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये यूट्यूबने भारतातील वैयक्तिक वर्गणी १२९ वरून १४९ रुपयांवर नेली, तर कौटुंबिक वर्गणी १८९ वरून थेट २९९ रुपयांवर गेली. म्हणजे कुटुंबांवरील वाढ ५८ टक्क्यांची झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये ८९ रुपयांची ‘प्रीमियम लाइट’ योजना भारतात आली. तिच्यात संगीताच्या चित्रफिती आणि ‘शॉर्ट्स’ पाहताना जाहिराती दिसू शकतात. निर्मात्याने स्वतः चित्रफितीत पेरलेली प्रायोजकाची स्तुती तर पूर्ण वर्गणी भरूनही ऐकावी लागते.

इतरत्रही हेच चित्र आहे. ॲमेझॉनच्या ‘प्राइम व्हिडिओ’ने जून २०२५ पासून भारतातील पैसे भरणाऱ्या सदस्यांनाच जाहिराती दाखवण्यास सुरुवात केली. त्या नको असतील तर दरमहा १२९ रुपये अथवा वर्षाला ६९९ रुपये वेगळे मोजण्याची सोय ठेवली. केबलची जोडणी घेताना ग्राहक पैसेही भरत होता आणि जाहिरातीही पाहत होता. त्या जुन्या व्यवस्थेतून सुटका म्हणून नव्या माध्यमाकडे वळलेला प्रेक्षक फिरून तिथेच येऊन पोहोचला आहे.

शिवाय वर्गणी हा बहुसंख्यांचा मार्ग नाही. यूट्यूबने मार्च २०२५ मध्ये जाहीर केल्यानुसार, मोफत चाचणी घेणारे धरून जगभरातील वर्गणीदार साडेबारा कोटी होते. दर महिन्याला यूट्यूबवर येणाऱ्यांची संख्या २०० कोटींहून अधिक आहे. याचा अर्थ शंभरातील नव्वदहून अधिक प्रेक्षकांच्या वाट्याला जाहिरातीच राहणार.

कायद्याची रिकामी जागा

या बहुसंख्यांसाठी कायदा काय म्हणतो? दूरचित्रवाणीच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांनुसार एका तासात १२ मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत आणि त्यातील दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीसाठी आहेत. ‘ट्राय’ने २०१३ मध्ये ही मर्यादा काटेकोरपणे लागू करण्याचा आग्रह धरला, तेव्हा वाहिन्यांनी न्यायालयात धाव घेतली. अंमलबजावणी वादग्रस्त ठरली, तरी मर्यादा असावी हे तत्त्व मान्य झालेले होते. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मध्ये ऑनलाइन चित्रफितींसाठी अशी कोणतीही वेळमर्यादा नाही. तीच मालिका दूरचित्रवाणीवर पाहिली तर जाहिरातींना तासाचे गणित लागू होते. फोनवर पाहिली तर होत नाही.

जर्मनीत हा प्रश्न न्यायालयात तावून सुलाखून निघत आहे. ‘ॲडब्लॉक प्लस’ची कंपनी आयो आणि ॲक्सेल स्प्रिंगर हा प्रकाशनसमूह यांच्यातील खटल्यात तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये ॲड ब्लॉकर अनुचित स्पर्धेच्या कायद्याखाली बेकायदा नसल्याचा निर्वाळा दिला. मात्र ब्लॉकरमुळे संकेतस्थळाच्या कॉपीराइटचा भंग होतो का, हा मुद्दा जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने फेरविचारासाठी हॅम्बुर्गच्या न्यायालयाकडे पाठवला.

भारतात या चर्चेला अद्याप तोंडही फुटलेले नाही. आजवर जाहिरातींचा अतिरेक झाला की प्रेक्षक ब्लॉकर बसवत असे आणि त्या भीतीपोटी कंपन्यांना थोडे तारतम्य बाळगावे लागे. हा अंकुश अधिकृत नव्हता, नीतीच्या कसोटीवर वादातीतही नव्हता, पण होता. शिवाय तो प्रामुख्याने संगणकावर चालणारा होता. फोनवरील ॲपमध्ये चित्रफिती पाहणाऱ्या प्रेक्षकाला त्याचा लाभ क्वचितच मिळाला. आता संगणकावरही तो ढिला पडत असेल, तर त्याची जागा नियमाने घ्यायला हवी. तासाला जाहिरातींची कमाल मर्यादा, वाटा न मिळणाऱ्या वाहिन्यांवरील जाहिरातींचा खुला हिशेब, फसव्या जाहिरातीची जबाबदारी दाखवणाऱ्यावर आणि वर्गणीच्या अटी बदलण्यापूर्वी पुरेशी पूर्वसूचना, एवढ्या चार गोष्टी ठरल्या तरी प्रेक्षकाला ब्लॉकर शोधत हिंडण्याचे कारण बरेचसे उरणार नाही. त्या ठरवण्याची इच्छा मंत्रालये आणि नियामक दाखवणार नसतील, तर जाहिरात किती वेळ पाहायची हे ज्याला तिच्यातून उत्पन्न मिळते तोच ठरवत राहील.