खोडव्याला खत कोण घालणार?

‘अजिंक्य रहाणे आता टी-ट्वेंटीत बसत नाही.’ आयपीएल जवळ आली की हे वाक्य हमखास कानावर पडतं आणि ऐकणारे सगळे मान डोलावतात. 2023 पासून इम्पॅक्ट प्लेयरचा नियम आला, संघांना एक जादा फलंदाज मिळाला, पहिल्या चेंडूपासून हाणामारी सुरू झाली. अशा खेळात 1988 साली जन्मलेल्या, कसोटीच्या मुशीतून आलेल्या माणसाचं काय काम? प्रश्न इतका सोपा वाटतो की उत्तर तपासायचे कष्ट कुणी घेत नाही.

आपण घेऊ. रहाणेचे आयपीएलचे चार हंगाम आणि त्यातला स्ट्राइक रेट बघा. 2022, कोलकाता : 104. 2023, चेन्नई : 172. 2024, चेन्नई : 123. 2025, पुन्हा कोलकाता : 148. वय मात्र 33, 34, 35, 36 असं शिस्तीत वाढत गेलंय. वय हेच कारण असतं तर आकडे एका दिशेनं घसरायला हवे होते. इथं ते झोपाळ्यासारखे वरखाली होतायत. कोडिंग करणाऱ्या कुणालाही विचारा : इनपुट सरळ रेषेत वाढतंय आणि आउटपुट उड्या मारतंय, तर गडबड दुसरीकडे कुठेतरी आहे.

कुठे आहे ते 2023 मध्ये दिसतं. चेन्नईनं त्याला 50 लाखांच्या मूळ किमतीत घेतलं होतं. मोईन अली आजारी पडला म्हणून वानखेडेवर मुंबईविरुद्ध त्याला संधी मिळाली आणि त्यानं 27 चेंडूंत 61 ठोकल्या. पुढे ईडनवर 29 चेंडूंत नाबाद 71. त्याला तिसरा क्रमांक मिळाला होता आणि पाठीमागे दुबे, जडेजा, धोनी अशी रांग होती. आउट झालो तर संघ कोसळेल, ही धास्तीच नव्हती. पुढच्या वर्षी कॉनवे जखमी झाला, सलामीची घडी विस्कटली, रहाणे कधी सलामीला तर कधी खाली. माणूस तोच, काम बदललं. आकडा पडला आणि खापर फुटलं ते वयावर.

आता किमतीकडे या. 2025 च्या हंगामासाठी कोलकात्यानं वेंकटेश अय्यरवर 23 कोटी 75 लाख मोजले. रहाणे दीड कोटीच्या मूळ किमतीत आला. त्या हंगामात अय्यरच्या 142 धावा झाल्या. रहाणेच्या 390, कोलकात्याकडून सर्वाधिक, आणि वर कप्तानी. यात अय्यरचा दोष नाही, एखादा हंगाम कुणाचाही वाया जातो. पण ‘बसत नाही’ हा शिक्का कुणावर बसला? लिलावाच्याच सुमारास सुरू झालेल्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत यानंच 469 धावा काढल्या, तेही 164 च्या वेगानं. मुंबई जिंकली, हा मालिकावीर ठरला.

आमच्या जयसिंगपूरच्या आसपास, शिरोळ तालुक्यात उसाला यासाठी नेमका शब्द आहे : खोडवा. लागणीचा ऊस तोडला की त्याच बुडख्यातून दुसरं पीक फुटतं. बेणं नको, नांगरट नको, जवळजवळ फुकटात आलेलं पीक. आणि फुकट आलंय म्हणूनच त्याची हयगय होते. पाचट पेटवून देतात, बुडखे छाटत नाहीत, खत उरलंसुरलं. मग उतारा कमी पडला की म्हणायचं, खोडवाच तो, किती देणार? ज्यानं पाचट रानातच आच्छादलं, बुडखे जमिनीलगत छाटले, वेळेवर खत-पाणी दिलं, त्याचा खोडवा लागणीच्या जवळपास उतारा देतो. 50 लाखांचा आणि दीड कोटीचा रहाणे हा आयपीएलचा खोडवा आहे.

आता उलट बाजू. फिरकी सुरू झाली की रहाणेचा वेग मंदावतो, हे खरं. रसेलसारखी मनगटातली ताकद त्याच्याकडे नाही, हेही खरं. 2025 मध्ये कोलकाता आठव्या क्रमांकावर राहिलं आणि कप्तान म्हणून तो त्यात वाटेकरी आहे. 15 एप्रिलला मुल्लनपूरला पंजाबविरुद्ध फक्त 112 करायच्या होत्या. चहलला चुकीचा फटका मारून तो पायचीत झाला, रिव्ह्यू घेतला नाही, आणि चेंडू ऑफच्या बाहेर पॅडला लागल्याचं रिप्लेत दिसलं. पराभवाची जबाबदारी त्यानं स्वतःवर घेतली.

पण त्याच सामन्यात पुढे काय झालं? 2 बाद 62 वरून 8 बाद 79. 120 चेंडूंत 112 हव्या असताना ‘नव्या पद्धती’चे गडी एकामागून एक तंबूत परतले. सगळा संघ 95. हाणामारीशिवाय दुसरा गिअरच नसेल, तर अवघड खेळपट्टीवर गाडी अशीच दरीत जाते. ती पद्धत आधुनिक म्हणून मिरवायची असेल तर मिरवा, पण अपुरी आहे हे कबूल करा.

रहाणेला कायम खेळवा असं माझं म्हणणं नाही. ठरलेलं काम, ठरलेला क्रमांक देऊनही धावा आटल्या तर खुशाल बाहेर बसवा. निडवा, त्यापुढचं पीक, कधीतरी मोडावंच लागतं. पण आधी विचारा : याला नेमकं काम काय दिलं? पाठीमागे आधार किती ठेवला? आणि आकडा पडला तेव्हा या दोन्हीतलं काय बदललं होतं? ही तीन उत्तरं हातात नसताना कुणी वयाचा दाखला काढला, तर तो अंदाज समजावा, निकाल नव्हे. हे आयपीएलच्या लिलावाला लागू आहे, तसंच पस्तिशी ओलांडलेल्या माणसाला ‘तू नव्या सिस्टिममध्ये बसत नाहीस’ असं सांगणाऱ्या आमच्या आयटीतल्या मीटिंगांनाही.